पालि कोशांची पुनर्मुद्रणे : छपाई, बांधणी आणि मोल

ग्रंथपरीक्षणाच्या अखेरीस एक ठरावीक वाक्य येते : मुखपृष्ठ आकर्षक, छपाई सुबक, किंमत माफक. हे वाक्य लिहिताना परीक्षणकर्त्याने बहुधा ग्रंथ पुन्हा उघडलेला नसतो. कथा-कादंबरीच्या बाबतीत त्यामुळे फारसे बिघडत नाही. एखादे अक्षर उडाले तरी वाचक ते मनाने भरून घेतो, कारण वाक्याचा अर्थ त्याला पुढे नेत असतो. कोशाचे तसे नाही. जे आपल्याला ठाऊक नाही, नेमके तेच जाणून घेण्यासाठी मनुष्य कोश उघडतो. गळलेले अक्षर तो कशाच्या आधारे भरून घेणार? म्हणून परीक्षणात शेवटी लिहिण्याची प्रथा असलेल्या या वाक्याचा विचार संदर्भग्रंथाच्या बाबतीत सर्वप्रथम झाला पाहिजे. प्रस्तुत लेखात पालि अभ्यासकांच्या नित्य वापरातील ग्रंथांचा, विशेषतः पालि टेक्स्ट सोसायटीच्या पालि-इंग्रजी कोशाच्या आपल्याकडील पुनर्मुद्रणांचा, या एकाच दृष्टीने विचार करावयाचा आहे.

हा कोश टी. डब्ल्यू. ऱ्हीस डेव्हिड्स आणि विल्यम स्टेड यांनी संपादित केला व तो १९२१ ते १९२५ या काळात भागाभागांनी प्रसिद्ध झाला. १९२२ च्या अखेरीस ऱ्हीस डेव्हिड्स यांचे निधन झाले आणि उर्वरित काम स्टेड यांनी तडीस नेले. त्यापूर्वी १८७५ साली पूर्ण झालेला रॉबर्ट सीझर चिल्डर्स यांचा कोश उपलब्ध होता. परंतु तो सिद्ध झाला तेव्हा तिपिटकातील फारच थोडे ग्रंथ छापले गेले होते. नव्या कोशाच्या संपादकांनीही आपले काम अंतिम असल्याचा दावा केला नव्हता. त्यातील अनेक व्युत्पत्ती आज मान्य होणार नाहीत. तरीही शंभर वर्षांनंतर हा कोश बाजूला ठेवता आलेला नाही. कोपनहेगन येथे १९२४ पासून प्रसिद्ध होऊ लागलेला बृहत् चिकित्सक पालि कोश ‘क’ अक्षरातच अडकला आणि २०११ साली त्याचे काम थांबले. मार्गारेट कोन यांच्या नव्या कोशाचे तीन भाग अनुक्रमे २००१, २०१० आणि २०२० साली निघाले. तिसरा भाग ‘भ’ अक्षरापर्यंत येतो. या भागांचे मोल मोठे आहे. पण ‘म’पासून पुढील शब्दांसाठी त्यांचा उपयोग नाही. मग्ग, मेत्ता, विञ्ञाण, वेदना, सङ्खार, सति हे शब्द पाहू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याला जुन्या कोशाकडेच वळावे लागते. सारांश, हा कोश कोणत्या स्वरूपात विद्यार्थ्याच्या हाती पडतो, हा प्रश्न आजही जिवंत आहे.

मूळ कोश रोमन लिपीत आहे. रोमन लिपीत पालि लिहिताना अक्षरांच्या डोक्यावर आडव्या रेघा आणि पायाशी बिंदू द्यावे लागतात. देवनागरीत ‘न’ आणि ‘ण’ ही दोन स्वतंत्र अक्षरे आहेत. रोमन लिपीत त्यांच्यामध्ये एका बिंदूचा फरक आहे. ‘त’ आणि ‘ट’, ‘ल’ आणि ‘ळ’ यांचेही तसेच. ‘अ’ आणि ‘आ’ यांच्यातील भेद डोक्यावरच्या केसाएवढ्या रेघेवर उभा असतो. त्या रेघा व ते बिंदू पुसले गेले म्हणजे काय होते, ते पाहावे. ‘बल’ म्हणजे सामर्थ्य आणि ‘बाल’ म्हणजे मूढ, हे दोन शब्द एकरूप होतात. ‘फल’ म्हणजे फळ आणि ‘फाल’ म्हणजे नांगराचा फाळ, यांत भेद उरत नाही. ‘पत्त’ आणि ‘पट्ट’ एक होतात. म्हणजे भिक्षूचे पात्र आणि वस्त्राची पट्टी यांची अदलाबदल होते. ‘पान’ म्हणजे पेय आणि ‘पाण’ म्हणजे प्राणी. पाणातिपातापासून विरत होण्याचे पहिले शील प्राण्याविषयी आहे, पेयाविषयी नाही. परंतु बिंदू गळालेल्या पानावरून हे कळण्याचा मार्ग नाही.

यावर कोणी म्हणेल की, कोशातील वर्णानुक्रम ही चूक पकडून देईल. काही अंशी ते खरे आहे. पालि वर्णमालेत मूर्धन्य ‘ण’ दन्त्य ‘त’च्या आधी येतो आणि ‘न’ त्यानंतर येतो. त्यामुळे ‘वण’ हा शब्द ‘वत’च्या आधी सापडतो आणि ‘वन’ हा ‘वध’च्याही पुढे जातो. शीर्षशब्दाचा बिंदू उडाला तरी त्याची जागा त्याची साक्ष देते. परंतु कोशाचे खरे धन शीर्षशब्दांत नसते. ते नोंदीच्या पोटात असते. समास, रूपे, प्रतिशब्द आणि अट्ठकथांतील अवतरणे बारीक अक्षरांत तेथे छापलेली असतात आणि त्यांना वर्णानुक्रमाचे संरक्षण नसते. त्याच बारीक अक्षरांत ग्रंथांचे संक्षेप, खंड आणि पृष्ठांक येतात. ३ चा ८ किंवा १ चा ७ दिसू लागला की अभ्यासक निकायाचे भलतेच पान काढून बसतो. कोशात पृष्ठसंदर्भ दिलेला असतो तो वाचकाने कोशावर अंधविश्वास ठेवू नये, स्वतः पडताळा घ्यावा, यासाठी. तो आकडाच अवाचनीय झाला तर पडताळ्याची वाट बंद होते.

या बाबतीत माझा स्वतःचा अनुभव सांगणे अप्रस्तुत ठरणार नाही. पदव्युत्तर वर्गात असताना मज्झिमनिकायाच्या पहिल्या खंडाचे, म्हणजे व्ही. ट्रेंकनेर यांनी १८८८ साली संपादित केलेल्या रोमन आवृत्तीचे, एक स्वस्त पुनर्मुद्रण मी विकत घेतले होते. प्रकाशकाचे नाव सांगण्याचे कारण नाही. महागोपालकसुत्तावर टिपण लिहावयाचे होते. गुराख्याच्या अंगी असावयाच्या अकरा गुणांमध्ये जनावराच्या जखमा झाकणे, म्हणजे त्यांवर मलमपट्टी करणे, हा एक गुण सांगितला आहे. मूळ शब्द ‘वण’ आहे. माझ्या प्रतीत बिंदू नव्हता. मी ‘वन’ वाचले, कोशात ‘वन’ पाहिले आणि कोशाने अर्थातच अरण्य असा अर्थ सांगितला. मग गुराख्याने वन झाकावे, म्हणजे चराऊ रानाला कुंपण घालून त्याचे रक्षण करावे, असा अर्थ लावून मी त्यावर दीड पान लिहिले. पुढे ‘जखम झाकणे’ म्हणजे भिक्षूने इंद्रियांचा संवर करणे, असे विवरण सुत्तातच येते. तेही माझ्या कुंपणात चपखल बसले! गुरुवर्यांनी टिपण वाचले, काही न बोलता ग्रंथालयातील जुनी प्रत मागवली आणि त्या ओळीवर बोट ठेवले. तेथे बिंदू स्पष्ट होता.

या चुकीत माझ्या अज्ञानाचा वाटा होता, हे मान्य करावयास हवे. अनुभवी वाचकाला शंका आली असती. परंतु नेमका मुद्दा तोच आहे. बिंदू उडालेला अनुभवी वाचकाला कळतो, कारण त्याला शब्द आधीपासून ठाऊक असतो. ज्याला ठाऊक नाही, त्याच्यासाठीच ग्रंथ आहे आणि तोच फसतो.

हे बिंदू नेमके कोठे हरवतात? पुनर्मुद्रणात मजकूर पुन्हा जुळवला जात नाही. जुन्या छापील पानाचे छायाचित्र घेतात, त्यावरून ऑफसेटची प्लेट करतात आणि प्लेटवरून छपाई होते. मूळ आवृत्तीच्या उत्तम प्रतीवरून हे काम नीट केले तर पान जवळजवळ मूळासारखे उतरते. परंतु उत्तम प्रत मिळवण्याचे कष्ट वाचवण्यासाठी आधीच्या पुनर्मुद्रणावरूनच छायाचित्र घेतात, पुढच्या वेळी या नव्या पुनर्मुद्रणावरून. नकलेच्या नकलेची ही परंपरा जितकी लांबते, तितकी बारीक रेघ तुटत जाते आणि जाड रेघ फुगत जाते. प्रकाश अधिक पडला तर बिंदू नाहीसे होतात. कमी पडला तर अक्षरांची पोटे शाईने भरतात आणि कागदावरचे डाग नवे बिंदू होऊन बसतात. नाहीशा झालेल्या बिंदूपेक्षा हा उपरा बिंदू अधिक घातक, कारण त्याच्याविषयी संशय घेण्याचे कारण वाचकाला दिसत नाही. त्यात कागद वाचवण्यासाठी पान लहान केलेले असेल, तर मुळातच बारीक असलेले अक्षर आणखी बारीक होते.

देवनागरी छपाई या दोषापासून मुक्त आहे, असे समजण्याचे कारण नाही. तेथे ‘न’ आणि ‘ण’ सुरक्षित आहेत. पण अनुस्वार हा बिंदूच आहे. ‘धम्म’ आणि ‘धम्मं’ यांच्यात विभक्तीचा फरक आहे. भरलेल्या शाईत ‘ध’ आणि ‘घ’, ‘भ’ आणि ‘म’ यांची ओळख पुसली जाते आणि ‘धन’चे ‘घन’ किंवा भोजनवाचक ‘भत्त’चे उन्मत्तवाचक ‘मत्त’ होते.

छपाईनंतर कागद आणि बांधणी. पालि-इंग्रजी कोशाची मूळ शब्दपृष्ठे ७३८ आहेत. जी. पी. मललसेकर यांच्या १९३७-३८ मधील पालि विशेषनामांच्या कोशाचे दोन खंड आहेत आणि प्रत्येक खंड हजार पानांहून मोठा आहे. असा ग्रंथ कादंबरीसारखा एकदा वाचून ठेवण्याचा नसतो. तो दिवसातून दहा वेळा, दर वेळी निराळ्या ठिकाणी उघडला जातो. त्याला प्रत्येक फर्मा दोऱ्याने शिवलेली बांधणी, जिला बाइंडर जुजबंदी म्हणतात, ती आवश्यक आहे. पाठ कापून केवळ गोंदाने चिकटवलेला जाड ग्रंथ मधोमध उघडला की कण्यात तडकतो आणि वर्ष-दोन वर्षांत पाने सुटी होतात. वरून कापडी पुठ्ठा आणि सोनेरी अक्षरे असली तरी आतली बांधणी गोंदाची असू शकते. कापड पाहून कोणी फसू नये. कागद आम्लयुक्त असेल तर तो काही वर्षांत पिवळा पडतो व ठिसूळ होतो. तो पातळ असेल तर मागच्या पानावरचे ठिपके पुढच्या पानावर उमटतात, आणि ज्या ग्रंथात ठिपक्याला अर्थ आहे तेथे हा दोष केवळ सौंदर्याचा राहत नाही.

बांधणीतील आणखी एक दोष सहसा लक्षात येत नाही. भिक्खु जगदीश काश्यप यांच्या प्रधान संपादकत्वाखाली १९५६ ते १९६१ या काळात नालंदा येथून देवनागरी तिपिटकाचे ४१ खंड निघाले. त्यांच्या समासात रोमन व ब्रह्मी आवृत्त्यांचे पृष्ठांक दिलेले आहेत. कोशातील संदर्भ रोमन आवृत्तीचा असतो. देवनागरीत वाचणाऱ्या विद्यार्थ्याला त्या संदर्भापर्यंत नेणारा पूल म्हणजे समासातील हे बारीक आकडे. अशा ग्रंथाची नक्कल करताना समास आखूड केला, किंवा फाटकी प्रत पुन्हा बांधताना बाइंडरने कडा अधिक छाटल्या, तर मजकूर अबाधित राहूनही पूल तुटतो.

आता किंमत. समजा, एका कोशाची एक प्रत सहाशे रुपयांना मिळते आणि दुसरी अठराशेंना. पहिली तीन वर्षांत सुटी झाली, तिची दोनशे रुपयांना पुन्हा बांधणी केली, सहाव्या वर्षी ती टाकून दुसरी तशीच घेतली आणि तिच्यावरही तोच खर्च केला, तर दहा वर्षांत सोळाशे रुपये खर्च झाले. दुसरी प्रत तीस वर्षे टिकेल. यात संदर्भ शोधण्यात वाया गेलेल्या दुपारी आणि टिपणांत शिरलेल्या चुका धरलेल्या नाहीत. पण हा हिशेब मांडताना एक गोष्ट विसरता कामा नये. अठराशे रुपये एकदम काढणे ज्याला शक्य नाही, त्याला तीस वर्षांचा हिशेब सांगून उपयोग नाही. विहारातील पालि वर्गाला येणारा विद्यार्थी पुष्कळदा घरातील पहिलाच पदवीधर असतो. त्याच्या घरी जुनी प्रत नाही, गावच्या ग्रंथालयात दुसरी प्रत नाही. पडताळा घेण्याची साधने ज्याच्याकडे सर्वांत कमी, त्याच्याच हाती सर्वांत सदोष प्रत जाते. स्वस्त पुनर्मुद्रणाचा खरा आक्षेपार्ह भाग हा आहे.

न्यायाने हेही सांगितले पाहिजे की, भारतीय पुनर्मुद्रणे झाली नसती तर पौंडांत किंमत असलेले हे ग्रंथ आपल्याकडे फार थोड्यांना पाहावयास मिळाले असते. पालिचे अध्ययन मोठ्या शहरांबाहेर गेले, त्यात या प्रकाशकांचा वाटा आहे. काही पुनर्मुद्रणे उत्तम आहेत. माझा आक्षेप कमी किमतीवर नाही. किंमत दोन प्रकारे उतरते. एका प्रकारात खर्चाचा काही भार दुसरा कोणी उचलतो. महाराष्ट्र शासनाने डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या समग्र लेखनमालेत १९९८ साली काढलेला १६ वा खंड पालि व्याकरण व कोशाचा आहे. त्यातील एका कोशात पालि शब्दांचे अर्थ इंग्रजी, मराठी, हिंदी व गुजराती अशा चार भाषांत आहेत. एवढा मोठा ग्रंथ सामान्य वाचकाला घेता आला तो शासनाने भार उचलल्यामुळे. इगतपुरीच्या विपश्यना विशोधन विन्यासाने देवनागरीत सिद्ध केलेले तिपिटक व अट्ठकथांचे १४० खंड अभ्यासकांना विनामूल्य मिळाले, तेही दात्यांमुळे. हे दान आहे. दुसऱ्या प्रकारात भार कोणीच उचलत नाही. कागद, प्लेट, दोरा यांत काटकसर होते आणि उरलेला भार वाचकाच्या डोळ्यांवर व वेळेवर टाकला जातो. पुनर्मुद्रणात जुळणीचा, मुद्रितशोधनाचा आणि संपादकाच्या मानधनाचा खर्च नसतो. ग्राहक पैसे मोजतो ते प्लेट, कागद आणि बांधणी यांसाठीच. त्याच तीन गोष्टी निकृष्ट असतील, तर किंमत कशाची घेतली, हे विचारण्याचा त्याला अधिकार आहे.

आज हे ग्रंथ संगणकावर विनामूल्य मिळतात, मग छापील प्रतीची चर्चा कशाला, असा प्रश्न येईल. पालि-इंग्रजी कोश शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशियाई कोशसंग्रहात शोधता येतो आणि कोपनहेगनचा कोशही संगणकावर उपलब्ध आहे. ही सोय अमूल्य आहे आणि प्रत्येक विद्यार्थ्याने तिचा लाभ घ्यावा. परंतु छापील प्रती त्यामुळे थांबलेल्या नाहीत. उलट मागणीनुसार एकेक प्रत छापून देणाऱ्यांचा नवा व्यवसाय उभा राहिला आहे. त्यांतील अनेक प्रती संगणकावर फुकट मिळणाऱ्या प्रतिमांवरूनच काढलेल्या असतात. प्रतिमा घेताना करड्या छटा टाकून केवळ काळा-पांढरा भेद ठेवला आणि सूक्ष्मता कमी ठेवली, तर जुन्या छायाचित्रातला दोष नव्या यंत्रातही जसाच्या तसा येतो. पान तिरके, कडेचे शब्द कापलेले, एखादे पान दोनदा आणि एखादे गायब, अशी प्रत चकचकीत वेष्टनात घरपोच येते. ती विकत घेण्यापूर्वी उघडून पाहण्याची सोयही उरलेली नाही.

म्हणून विहारांच्या ग्रंथालयांना आणि विद्यार्थ्यांना काही सूचना कराव्याशा वाटतात. कोश घेताना ‘पाण’ आणि ‘पान’ या दोन नोंदी काढून पाहाव्यात. नोंदीच्या पोटातील बारीक अक्षरांत बिंदू व रेघा स्पष्ट आहेत का, हे तपासावे. आकड्यांत ३ आणि ८ वेगळे दिसतात का, ते पाहावे. पान उजेडासमोर धरावे. ग्रंथ मधोमध उघडून फर्म्याच्या घडीत दोरा दिसतो का, हे पाहावे. शेवटच्या पानाचा क्रमांक आणि मधले फर्मे तपासावेत. दुरून मागवलेली प्रत सदोष निघाली तर संकोच न करता परत करावी. दहा विद्यार्थ्यांसाठी दहा निकृष्ट प्रती घेण्यापेक्षा विहाराने एक उत्तम प्रत घेऊन ती सर्वांसाठी खुली ठेवावी, आणि ज्यांच्याकडे स्वस्त प्रती आहेत त्यांनी आठवड्यातून एकदा एकत्र बसून त्या प्रतीवरून आपल्या प्रतीतील बिंदू पेन्सिलीने भरावेत. हा वेळेचा अपव्यय नाही. शब्द लक्षात राहण्याचा याहून चांगला उपाय मला माहीत नाही.

प्रकाशकांकडून अपेक्षा फार मोठी नाही. पुनर्मुद्रण कोणत्या सालच्या कोणत्या प्रतीवरून केले, पान मूळ आकारात आहे की लहान केले आहे आणि बांधणी शिवलेली आहे की चिकटवलेली, एवढ्या तीन गोष्टी शीर्षकपृष्ठाच्या मागे छापाव्यात. यासाठी खर्च येत नाही. दिलेल्या पैशांत आपण काय घेत आहोत, हे ग्राहकाला कळेल आणि दोन प्रतींची तुलना करता येईल. परीक्षण लिहिणाऱ्या आम्हा मंडळींनीही ‘छपाई सुबक’ हे शब्द लिहिण्यापूर्वी एखादी बारीक टीप भिंगाखाली धरण्याची सवय लावून घ्यावी.

माझी ती मज्झिमनिकायाची प्रत अजून माझ्याकडे आहे. महागोपालकसुत्ताच्या त्या पानावर ‘वण’खालचा बिंदू मी त्याच दिवशी शाईने दिला आणि पुढे वाचता वाचता इतरही पुष्कळ दिले. पाठ दोनदा नव्याने बांधून घ्यावी लागली. विद्यार्थी ग्रंथ मागावयास येतात तेव्हा ती प्रत मी देत नाही. ग्रंथालयातील जुन्या प्रतीचा दाखल क्रमांक लिहून देतो.